‘लेस’ राहिलं, ‘रूथ’ गेलं

धाकट्या जावेची मुलगी आठवीत आहे. आमच्याकडे जेवणं सूर्यास्ताआधी उरकतात, त्यामुळे संध्याकाळ हाताशी भरपूर असते. ती दप्तर घेऊन माझ्या खोलीत येते, कारण घरात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मीच. त्या डिग्रीचा एरवी फारसा उपयोग झाला नाही, वहीतले स्वाध्याय सोडवण्यापुरता होतो.

परवाचा स्वाध्याय सोपा होता. शब्दाच्या मागचं ‘लेस’ काढायचं आणि उरलेलं नाम लिहायचं. केअरलेस – केअर. होपलेस – होप. पेनलेस – पेन. चौथा शब्द रूथलेस. तिनं ‘लेस’ काढलं आणि पेन तोंडात धरून बसली. म्हणाली, “काकू, रूथ तर बायकांचं नाव असतं. मग रूथलेस म्हणजे ज्याच्याकडे रूथ नावाची बाई नाही तो?”

मी हसले, आणि हसता हसता लक्षात आलं की उत्तर मलाही नीट येत नाही. रूथलेस म्हणजे निर्दय, निष्ठुर, हे कुणीही सांगेल. पण जे नसल्यामुळे माणूस रूथलेस होतो, ते रूथ म्हणजे नेमकं काय? मी कधी कुणाच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. शब्दकोश काढला तर रूथ म्हणजे करुणा, कळवळा, आणि पुढं शेरा, की शब्द जुना, आता वापरात नाही.

म्हणजे करुणेचा शब्द गेला आणि करुणा नसण्याचा शब्द राहिला. एवढंच नाही, तर तो चांगला धष्टपुष्ट होऊन राहिला. आजच्या इंग्रजीत एखाद्या व्यापाऱ्याला किंवा खेळाडूला रूथलेस म्हणणं ही बऱ्याचदा शाबासकी असते. एक शब्द मेला आणि त्याच्या अभावाचा शब्द पदकं मिळवतोय, हे मला काही केल्या पचेना. म्हणून पुढचे पंधरा दिवस मी या शब्दाच्या मागे लागले. त्यात जे हाती आलं ते इथे मांडते.

आधी शब्दाचं कूळ. इंग्रजीत ‘रू’ असं क्रियापद आहे. त्याचा अर्थ पस्तावणं, खंत करणं. जसं ‘ट्रू’वरून ‘ट्रूथ’ झालं, तसं ‘रू’वरून ‘रूथ’. फार जुन्या इंग्रजीत या कुळातलं जे नाम होतं त्याचा अर्थ दुःख आणि पश्चात्ताप असा होता. जर्मन भाषेत याच कुळातला शब्द आजही पश्चात्तापासाठी आहे, आणि डच भाषेत त्याचा भाऊबंद शोकासाठी, आपल्या सुतकासारख्या दुःखासाठी, वापरतात. म्हणजे रूथच्या पोटात दोन गोष्टी आहेत. एक, दुसऱ्याचं दुःख पाहून मन हलणं. दुसरी, आपल्या हातून झालं त्याबद्दल मन खाणं. आपण करुणा एका कप्प्यात ठेवतो आणि पश्चात्ताप दुसऱ्या कप्प्यात. त्या लोकांनी दोन्ही एकाच डब्यात ठेवले होते.

तुम्ही म्हणाल, असं कसं चालेल? पण बेळगावात राहणाऱ्यांना हे नवं वाटू नये. कन्नडमध्ये कुणाचं वाईट झालं की बायका ‘अय्यो पाप!’ म्हणतात. म्हणजे ‘अरेरे, बिचारी!’ शब्द मात्र पाप. आपण ज्याला पाप म्हणतो तेच. माझ्या सासूबाई मराठी बोलता बोलतासुद्धा हे म्हणायच्या, आणि लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं की या सगळ्यांना पापी म्हणताहेत. आता वाटतं, कुणाचं दुःख पाहिल्यावर तोंडातून ‘पाप’ निघतं ते बरंच आहे. त्यात आपलाही काही हिस्सा असेल अशी शंका त्या शब्दात राहते.

बाकी इंग्रजीत रूथ एकटा नाही. ‘रेकलेस’मधला रेक गेला, म्हणजे पर्वा गेली आणि बेपर्वाई राहिली. ‘हॅपलेस’मधला हॅप गेला, म्हणजे नशीब गेलं आणि कमनशिबी राहिला. हे वाचून मला क्षणभर आपल्या भाषेचा अभिमान वाटला, की आपल्याकडे दया आहे आणि निर्दयही आहे, दोघंही जिवंत. पण तो अभिमान दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र हातात येईपर्यंतच टिकला. त्यात नेहमीसारखी बातमी होती, अमुक गावात निर्घृण खून.

निर्घृण. हा शब्द आपण रोज वाचतो. निर् अधिक घृणा. घृणा म्हणजे आपल्याला ठाऊक आहे, किळस, तिटकारा. मग निर्घृण म्हणजे ज्याच्या मनात किळस नाही, तिरस्कार नाही, असा मनुष्य व्हायला हवा! तो तर संत झाला. खुनी कसा होईल?

याचं उत्तर अमरकोशात आहे. तिथे करुणेला जे प्रतिशब्द दिले आहेत त्यांत कृपा, दया, अनुकंपा यांच्या पंक्तीला घृणा बसलेली आहे. आणि पुढे अनेकार्थी शब्दांच्या वर्गात घृणेचे दोन अर्थ दिले आहेत, जुगुप्सा आणि करुणा. म्हणजे घृणा हा संस्कृतात करुणेचाही शब्द होता. मराठीत येता येता त्यातली करुणा गळाली आणि किळस उरली. निर्घृणमध्ये मात्र ती जुनी करुणा अजून आहे, पण नसलेली म्हणून आहे. आपलंही रूथ गेलं, आपलंही लेस राहिलं, आणि आपल्याला पत्ताच नाही.

दोन इतके उलटे अर्थ एका शब्दात कसे राहिले असतील? कालिदासाच्या ‘रघुवंशा’त अकराव्या सर्गात ताटकावधाचा प्रसंग आहे. समोर राक्षसी आहे, पण शेवटी ती स्त्री, आणि राम तर अजून कोवळा मुलगा. तिला मारायला त्याचं मन घेत नाही, आणि त्या मन न घेण्याला कालिदास घृणा म्हणतो. मग राम बाण सोडतो आणि बाणाबरोबर ती घृणाही सोडून देतो. इथली घृणा म्हणजे तिची दया आहे की वधाच्या कृत्याची किळस आहे? दोन्ही आहे. हात मागे येतो तो एकाच झटक्यात येतो, त्यात दया किती आणि शिसारी किती हे वेगळं काढता येत नाही. आपल्यातल्या कितीतरी बायकांना मुंगीवर पाय पडला की अंगावर काटा येतो. त्या काट्याला नाव काय द्याल? मला वाटतं, किळस मूळची कृत्याबद्दल होती. पुढे ती माणसाबद्दल झाली. जिथे ‘मला हे करवत नाही’ होतं तिथे ‘मला ही बघवत नाही’ झालं. शब्द घसरला तो एवढाच, पण उतार फार मोठा आहे.

आता पुन्हा रूथकडे. हा शब्द इंग्रजीत जिवंत होता तेव्हा तो कुठे आणि कुणासाठी वापरला जात होता, हे पाहण्यासारखं आहे.

चौदाव्या शतकातला कवी चॉसर. त्याचं ‘ट्रॉइलस अँड क्रिसेड’ हे मोठं काव्य आहे. क्रिसेड ही ट्रॉय नगरीतली तरुण विधवा. ट्रॉइलसचं तिच्यावर प्रेम, तिचं त्याच्यावर. युद्धात कैद्यांच्या अदलाबदलीत तिला शत्रूच्या छावणीत पाठवलं जातं. ती परत येण्याचं वचन देते आणि येत नाही. तिथल्या डायोमीडचा आधार धरते. चॉसरच्या आधीपासून ही बाई बेइमानीचं उदाहरण म्हणून बदनाम होती. चॉसर तिचा गुन्हा झाकत नाही. पण म्हणतो की तिच्या नावाची पुरेशी विटंबना झाली आहे, तिला स्वतःलाही आपल्या वागण्याचं फार वाईट वाटत होतं, आणि काही उपाय असता तर आपण तिला रूथपोटी माफ केलं असतं. तिथे त्यानं ‘रूथ’चं यमक ‘अनट्रूथ’शी, म्हणजे बेइमानीशी, जुळवलं आहे. मोठा धीट यमक आहे हा. खोट जिथे आहे, कळवळा तिथेच येऊन बसतो. खोट नसलेल्यासाठी कळवळ्याची गरज ती काय?

त्याच ठिकाणी क्रिसेड स्वतः एक गोष्ट म्हणते, ती मला आतपर्यंत टोचली. ती म्हणते की पुढे जग मला दोष देईल, आणि सगळ्यांत जास्त द्वेष माझा बायकाच करतील. सहाशे वर्षांपूर्वीच्या एका पुरुषानं लिहिलेलं वाक्य, आणि वाचताना वाटतं की हा कधी महिला मंडळाच्या बैठकीत बसला होता?

नंतर शेक्सपिअर. त्याच्या ‘कोरिओलेनस’ नाटकात पहिल्याच अंकात भुकेलेली रयत धान्यासाठी ओरडते आहे, आणि मार्शियस नावाचा उमराव म्हणतो की सरदारांनी रूथ बाजूला ठेवलं तर मी तलवार चालवून दाखवतो. इथे रूथ म्हणजे वरच्यांनी खालच्यांवर करायची मेहेरबानी. हवी तेव्हा करावी, नको तेव्हा बाजूला ठेवावी. आपण दया म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा असंच चित्र डोळ्यांसमोर असतं, देणारा वर आणि घेणारा खाली.

पण याच शेक्सपिअरनं ‘रिचर्ड द्वितीय’मध्ये हे चित्र उलटं करून ठेवलं आहे. राणी बागेत आडोशाला उभी आहे. माळी आपल्या गड्यांशी बोलताना तिला ऐकू येतं की राजाचं राज्य जाणार. ती बाहेर येते, माळ्यावर संतापते आणि जाताना शाप देते, तू लावलेली रोपं कधी रुजू नयेत. माळ्याला याहून मोठा शाप कुठला? पण ती गेल्यावर तो म्हणतो की तिचं भलं होणार असेल तर माझ्या हाताला तो शाप लागला तरी चालेल. जिथे तिचा अश्रू पडला तिथे तो ‘रू’ नावाच्या झाडाचा वाफा लावायचं ठरवतो, रडणाऱ्या राणीची आठवण म्हणून, रूथची खूण म्हणून. हे ‘रू’चं झाड म्हणजे आपली सताप. कडू, उग्र वासाची. माझ्या माहेरी परसात होती, बाळाला सर्दी झाली की आजी दोन काड्या तोडून आणायची. झाडाचं नाव आणि पस्तावण्याचं क्रियापद यांचं मूळ एक नाही, नुसता उच्चार एक आहे. शेक्सपिअरनं त्या उच्चाराचा फायदा घेतला.

या प्रसंगात दया करणारा कोण आणि घेणारी कोण, पाहा. माळी गरीब, ती राणी. तिनं त्याला शाप दिला आहे आणि तो तिच्यासाठी झाड लावतो आहे. तिला ते कधी कळणारही नाही. रूथला वरून खाली वाहावं लागत नाही, हे माझ्या मनात या माळ्यामुळे पक्कं झालं. आणि म्हणूनच आपल्याकडचा कुठला शब्द याला लावावा हा प्रश्न अवघड होऊन बसला. ‘दया’ उंचावरून येते. ‘कीव’ तर आता शिवीच झाली आहे, ‘मला तुझी कीव येते’ हे आपण भांडणात म्हणतो. ‘सहानुभूती’ पत्रात लिहितात, हातपाय न हलवता दाखवता येते. ‘कणव’ जवळ येते, पण तीही आता बोलण्यात कमीच. ‘कळवळा’ मला सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण त्यात कळ आहे. दुखतं ते दुसऱ्याला आणि कळ इकडे येते.

आपल्या आचार्यांनी याचा विचार फार आधी केला आहे. पूज्यपादांनी ‘सर्वार्थसिद्धी’त अनुकंपेचा अर्थ सांगितला आहे. कृपेनं ज्याचं मन ओलं झालं आहे, जो दुसऱ्याची पीडा जणू आपल्यालाच होते आहे असं धरतो, त्याचं कंप पावणं म्हणजे अनुकंपा. अनु म्हणजे मागोमाग. तो थरथरला, त्याच्या मागोमाग मी थरथरले. यात वर-खाली काही नाही. कुंदकुंदांनी ‘पंचास्तिकाया’त अनुकंपा सांगताना आधी तहानलेला, भुकेलेला आणि दुःखी असे जीव समोर आणले आहेत. त्यांना पाहून ज्याचं मन स्वतः दुःखी होतं, तो त्यांच्याकडे कृपेनं वळतो. तो जीव चांगला आहे की वाईट, आपल्यातला आहे की परका, याची विचारपूस तिथे नाही. प्रशम, संवेग, अनुकंपा आणि आस्तिक्य या चार खुणांवरून सम्यक्त्व ओळखायचं असं आपण पाठशाळेत घोकलं आहे. मला ही यादी उलटीकडून वाचावीशी वाटते. अनुकंपा नसेल तर बाकीचा आटोप कशाला?

मिल्टनच्या एका सुनीतात हा शब्द फार वेगळ्या जागी येतो. एका सद्गुणी तरुणीला उद्देशून ते लिहिलं आहे. तिचे गुण वाढताना पाहून काही लोक जळतात. मिल्टन म्हणतो की तिला त्यांचा राग येत नाही, त्यांच्याबद्दल दया आणि रूथ वाटतं. याच सुनीतात त्यानं बायबलमधल्या रूथ या स्त्रीचं नाव आणून त्याचं यमक ‘रूथ’ या शब्दाशीच जुळवलं आहे. आमच्या मुलीचा प्रश्न मिल्टनला आधीच पडला होता म्हणायचा! नावाचं मूळ हिब्रू आहे, शब्दाशी त्याचं नातं नाही, पण कान ते जोडतोच. बायबलमधली ती रूथ म्हणजे तरुण विधवा सून. सासू नेओमी आपल्या गावी परत निघाली तेव्हा ती तिला सोडून माहेरी गेली नाही. परक्या मुलखात सासूबरोबर गेली आणि दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून दोघींचं पोट भरलं.

तत्त्वार्थसूत्रातल्या चार भावना आपल्याला पाठ आहेत. सर्व जीवांशी मैत्री, गुणवंतांविषयी प्रमोद, क्लेश पावणाऱ्यांविषयी कारुण्य, आणि ज्यांना समजावता येत नाही त्यांच्याविषयी माध्यस्थ्य. आपण जळणाऱ्या माणसाला बहुतेक चौथ्या खान्यात टाकतो आणि तोंड फिरवतो, ‘सोड, त्यांचा स्वभावच तसा’ म्हणून. मिल्टनची ती तरुणी त्याला तिसऱ्या खान्यात ठेवते. जळणारा माणूसही क्लेशच पावत असतो, हे तिला दिसतं.

मिल्टनची दुसरी जागा ‘लिसिडस’ या शोककाव्यात आहे, १६३७ सालातली. त्याचा कॉलेजातला सोबती समुद्रात बुडून गेला, त्याच्यावरचं काव्य. किनाऱ्यावर पहारा देणाऱ्या, दूर स्पेनकडे नजर लावून असलेल्या देवदूताला कवी विनवतो की आता इकडे, घराकडे बघ आणि रूथनं विरघळ. पुढे १९२९ साली टॉमस वुल्फ या अमेरिकन लेखकानं आपल्या कादंबरीला नाव देताना या ओळीचा पहिला भाग उचलला, ‘लुक होमवर्ड, एंजल’. घराकडे बघणं घेतलं, विरघळणं मागे राहिलं. नावाला तेवढं पुरतं, यात वुल्फचा दोष नाही. पण त्या मागे राहिलेल्या अर्ध्यातच आपला शब्द आहे.

घराकडे बघायचं, आणि मग विरघळायचं. लांबच्या दुःखावर विरघळणं सोपं असतं.

आता ज्या पुस्तकासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते. एलिझाबेथ गॅस्केल ही मँचेस्टरच्या एका धर्मोपदेशकाची बायको, घरसंसार सांभाळून लिहिणारी. तिची ‘रूथ’ ही कादंबरी १८५३ साली आली. रूथ ही शिवणकाम शिकणारी अनाथ पोर. एक श्रीमंत तरुण तिला फसवतो आणि दिवस गेलेल्या अवस्थेत टाकून जातो. बेन्सन नावाचे एक पाठीला कुबड असलेले धर्मोपदेशक आणि त्यांची बहीण तिला घरी आणतात. लोकांनी बोलू नये म्हणून ती विधवा आहे असं खोटंच सांगतात. मग घरची मोलकरीण सॅली कात्री घेऊन येते, कारण विधवा दिसायची तर केस कापायला हवेत. सॅलीला वाटतं ही रडेल, आडवेपणा करेल. रूथ निमूट मान खाली घालते आणि लांबसडक केस कापले जातात. हे पान वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं. कात्री विलायती, पण मान कुठली आणि तिला झुकवणारे हात कुठले, हे आपल्या पणज्यांच्या गोष्टी ऐकलेल्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही. आपल्या आर्यिका माताजी स्वतःच्या हातानं केशलोच करतात तेव्हा आपण हात जोडतो. दुसऱ्याच्या हातातली कात्री ही निराळी गोष्ट.

पुढे रूथ ब्रॅडशॉ या वजनदार गृहस्थाच्या मुलींना शिकवायला लागते. ब्रॅडशॉ म्हणजे देवळाचा खांब. देणग्या देणारा, शिस्तीचा, कुणाचं एक पैसा न बुडवलेला. रूथचं पूर्वीचं आयुष्य उघडकीला येतं तेव्हा तो तिला ज्या शब्दांत घराबाहेर काढतो ते ऐकवत नाहीत. ब्रॅडशॉ दुष्ट नाही, आणि म्हणूनच या कादंबरीची मला भीती वाटते. तो नियमाचा माणूस आहे. त्या वेळी त्याची थोरली मुलगी जेमायमा, जिला मधल्या काळात रूथचा मत्सर वाटत होता, तीच पुढे होऊन रूथचा हात हातात धरते. कादंबरी पुढे पुष्कळ आहे. रूथ तापाच्या साथीत रोग्यांची सेवा करते, गाव तिला दुवा देतं, आणि शेवटी त्या फसवणाऱ्या माणसाचीच शुश्रूषा करून ती स्वतः तापानं मरते.

कादंबरी आल्यावर काहींनी तिचा खंड जाळला. शार्लट ब्राँटेची तक्रार निराळी होती. कथानक कळल्यावर तिनं विचारलं की ही मेलीच का पाहिजे? मी ब्राँटेच्या बाजूची आहे. गॅस्केलचा कळवळा खरा आहे, पण तो शेवटी अट घालतो. तू सेवा कर, तू संत हो, तू मर, मग आम्ही तुझ्या थडग्यावर रडू. ब्रॅडशॉही शेवटी विरघळतो, तिच्या थडग्याशी तिच्या मुलाला रडताना बघून. फार उशीर झालेला असतो. चॉसरनं क्रिसेडला मरायला लावलं नव्हतं. नुसतं म्हटलं होतं, माफ केलं असतं. साडेचारशेहून अधिक वर्षांत शब्दही म्हातारा झाला आणि त्याला अटीही चिकटल्या. बाईनं लिहूनसुद्धा बाईला सूट मिळाली नाही, ही या चांगल्या कादंबरीची मला दिसलेली मोठी उणीव.

हे एवढं ठणकावून लिहिलं, आणि पेन खाली ठेवावं लागलं.

खूप वर्षं झाली. चातुर्मासात मुनिसंघ गावात होता. आहारदानासाठी चौका लावणाऱ्या घरांची यादी आमच्या मंडळात चालली होती. माझं अक्षर बरं, म्हणून वही माझ्याकडे. एक नाव मी लिहिलं, आणि कुणीतरी हळूच म्हणालं, “ते राहू दे.” ती नवऱ्याला सोडून माहेरी आलेली होती, आणि तिच्याविषयी एकदोन गोष्टी बोलल्या जात होत्या. खऱ्या की खोट्या, मी विचारलं नाही. कुणीच वाद घातला नाही. मी नावावर रेघ ओढली. सरळ, एकच, नीटनेटकी रेघ. दुसऱ्या दिवशी ती देवळात भेटली तेव्हा मला म्हणाली, “अक्का, माझा दिवस कुठला?” मी म्हटलं, “यंदा नावं फार झाली गं.”

मी ब्रॅडशॉ नव्हते. मी ओरडले नाही, हाकललं नाही. पण मी जेमायमाही नव्हते. हात माझाही होता आणि तो वहीत गुंतला होता. मुंगीला जपून चालणाऱ्या माझ्या मनाला त्या दिवशी काटा आला नाही. घृणा होती, पण कुठल्या अर्थाची, ते आता कळतं.

त्यानंतर दर वर्षी दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीला मी सगळ्यांची क्षमा मागते. पूर्वी कार्डं पाठवायची, आता फोनवर एकच मजकूर सगळ्यांना जातो. जाणते-अजाणतेपणी काही चुकलं असेल तर वगैरे. तिलाही जातो. तिचे जोडलेले हात उलट येतात. त्या ‘जाणते-अजाणतेपणी’मध्ये ती रेघ कुठेच दिसत नाही. करुणा आणि पश्चात्ताप हे दोन कप्पे वेगळे ठेवले की असं होतं. करुणेच्या कप्प्यात मुंग्या, पाखरं, गोशाळा. पश्चात्तापाच्या कप्प्यात मोघम मजकूर. दोन्ही कप्पे भरलेले, आणि ती बाई कुठल्याच कप्प्यात नाही. जुन्या रूथमध्ये हे जमलं नसतं. तिथे तिच्यासाठी मन हलायचं तर आधी माझं मन मला खायला हवं होतं.

शब्द मेला म्हणून भाव मरतो असं मी म्हणत नाही. रूथ हा शब्द न वापरता इंग्रजी बोलणारी पुष्कळ माणसं दयाळू आहेत, आणि रोज दया म्हणणारे आपण काय करतो ते वर लिहिलंच आहे. पण शब्द असला की तो विचारायला येतो. आठवीतल्या मुलीच्या तोंडून येतो.

वहीत मी तिला ‘रूथ’ लिहायला सांगितलं, आणि कंसात मराठी अर्थ हवा होता तिथे ‘कळवळा’. वही तपासून आली तेव्हा ‘रूथ’पुढे लाल शाईनं प्रश्नचिन्ह होतं. ती हिरमुसली. मी म्हटलं, “असू दे. प्रश्नचिन्ह बरोबरच आहे.”

यंदा क्षमावाणीला तिला मजकूर पाठवायचा नाही असं ठरवलं आहे. तिचं घर माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. जाऊन काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही. वहीचा विषय काढावा लागेल, एवढं नक्की.